मंगळवारचा क्वार्टरबॅक

हॉलंडेल कॉलेज, अलाबामा
२४ ऑगस्ट १९७१

मामा,

धडधाकट आहे. आईला एवढं वाक्य वाचून दाखवा आणि पुढचा परिच्छेद गाळा.

सकाळ-संध्याकाळ दोन वेळा सराव चालतो. उन्हात भाजून निघतो आम्ही. पाणी मागायचं नाही. मागितलंच तर मिठाची गोळी हातावर ठेवतात आणि वर विचारतात, "आईकडे जायचंय का?" काल एक दांडगा पोरगा उभ्याउभ्या कोसळला. कोच ब्रॅनम त्याला ओलांडून पुढे गेले आणि म्हणाले, "सराव दहा पावलं तिकडे सरकवा." तुम्ही आम्हाला झोडपायचात, पण निदान बादलीभर पाणी तरी ठेवायचात.

एवढ्या मोठ्या गोऱ्या संघात आपल्यातले काळे दोघेच. मी आणि वेंडल टॅगर्ट. तो खाडीकाठचा, घरी सगळे कोळंबी पकडतात. आमची खोली एकच आहे. वेगळं कोण देणार? वेंडल बचावाच्या फळीत अगदी कडेला उभा राहतो, समोरच्यांचा पळणारा गडी सुटला की त्याच्या मागे सावलीसारखं लागायचं, हे त्याचं काम. पोरगा गुणी आहे. घोरतो मात्र बोटीच्या इंजिनासारखा.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांच्या संघात मी क्वार्टरबॅक होतो, प्रत्येक चाल माझ्या हातून सुरू व्हायची, आणि आम्ही एकही सामना हरलो नाही, हे तुम्ही न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांना सांगून झालंच असेल. यंदा मोठ्या संघात माझ्या पुढे तिघे आहेत. पहिला डेनी कॉफील्ड. तो बरा आहे, खोटं कशाला बोलू. दुसरा ठीक. तिसऱ्यापेक्षा आई झाडू बरा नेम धरून फेकते.

कोचनी परवा बोलावलं. म्हणाले, "थेरॉन, तुझे पाय फार चपळ आहेत. वेंडलसारखा कडेला खेळशील का? लगेच जागा देतो."

मी म्हटलं, "सर, मी क्वार्टरबॅक आहे."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बघू."

चुकलो का? कडेला गेलो असतो तर पहिल्या शनिवारपासून मैदानात असतो.

थेरॉन


मेरिडेल, अलाबामा
३१ ऑगस्ट १९७१

चिरंजीव थेरॉन,

नाही चुकलास. "हो" म्हणाला असतास तर पुढची गाडी पकडून आलो असतो आणि तुझा कान पिळला असता.

नीट ऐक. अठरा वर्षं मी या गावात आपल्या पोरांना फुटबॉल शिकवतोय. या काळात चांगले क्वार्टरबॅक घडवले. चांगले म्हणजे डोकं असलेले, अकरा जणांचा संसार एकट्याने हाकणारे. त्यातल्या ज्यांना मोठ्या कॉलेजांनी उचललं त्यांचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. लेरॉयला नुसता पळायला लावला. ऑर्विलला बचावात घातला. धाकट्या सिम्सला तर अडवाअडवीला उभा केला, कारण काय, तर खांदे रुंद. चेंडू हातात घेऊन संघ चालवायचं डोकं आपल्या पोरांना नसतं, असं कोणी तोंडाने म्हणत नाही. नुसतं "पाय चपळ आहेत" म्हणतात. माझ्या हाताखालचा एक तरी पोरगा त्या मैदानावर क्वार्टरबॅक म्हणून उभा राहिलेला मला बघायचाय. एवढंच मागणं आहे माझं. देवाकडेही आणि तुझ्याकडेही.

टोल्बर्ट कॉलेजचे कोच तुला न्यायला दोनदा दारात आले होते. आपलं कॉलेज, आपली माणसं. तुझ्या आईचा, आयडेलाचाही ओढा तिकडेच होता. मी तुला तिथे न पाठवता हॉलंडेलला पाठवला. दार उघडलंय म्हणतात, तर कोणीतरी आत जाऊन बसायला हवं ना.

इकडे यंदा आपली शाळा आणि गोऱ्यांची शाळा एक झाली. संघही एकच. काम दुप्पट वाढलंय, बघायला फुरसत नाही. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. ते असो.

विसरू नकोस: समोरच्याच्या तोंडाकडे बघू नये, पायांकडे बघावं. माणूस तोंडाने फसवतो, डोळ्यांनी फसवतो. पाय बिचारे सरळ असतात.

तुझी आई म्हणते, परिच्छेद गाळलेला तिला कळतो. पाणी पीत जा.

होरेस मामा


हॉलंडेल
२६ सप्टेंबर १९७१

मामा,

काम मिळालं. हसायचं की रडायचं ते तुम्हीच ठरवा.

दर सोमवारी सामानाच्या खोलीत मला नवी जर्सी देतात. त्या शनिवारी ज्या संघाशी सामना, त्यांच्या क्वार्टरबॅकचा नंबर. मग कोच मला त्याच्या खेळाची फिल्म दाखवतात, आणि मंगळवार ते गुरुवार मी तो होतो. तो जसा चेंडू धरतो तसा धरायचा, जिकडे पळतो तिकडे पळायचं. तो डावखुरा असेल तर डाव्या हाताने फेकायचं. आमची पहिल्या नंबरची बचाव फळी माझ्यावर तुटून पडते, म्हणजे शनिवारी खऱ्यावर कसं तुटायचं ते त्यांना कळतं. शुक्रवारी जर्सी परत. अगदी बहुरूपी झालोय. या महिन्यात मी दोन टेक्सासवाले आणि एक चर्चच्या पाद्र्याचा मुलगा झालो.

कॉफील्डला सरावात कोणी बोट लावत नाही, शिट्टी वाजते. माझ्यासाठी शिट्टी नाही. बुधवारी बरगडीवर हेल्मेट बसलं तेव्हा श्वासच गेला. (हे गाळा.)

पण मामा, मी त्यांना धुतलं! मंगळवारी चेंडू सलग तीनदा त्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला, तीन टचडाउन. कोच आपल्याच बचावावर असे ओरडले की मानेच्या शिरा दिसल्या. "एक पोरगा तुम्हाला नाचवतो?" सगळ्या फळीला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. जाताना एक जण माझ्या बुटांवर थुंकला. वेंडल मध्ये पडला नसता तर माझे दात तुम्हाला पाकिटातून मिळाले असते.

शनिवारी आम्ही सामना मोठ्या फरकाने जिंकला. मी कडेला उभा होतो. माझी स्वतःची सतरा नंबरची जर्सी घरी आईने घडी घालून ठेवलेल्या चादरीसारखी स्वच्छ आहे. तिला धुवायची वेळच येत नाही.

हे असंच चालायचं का? कोचना विचारू का?

थेरॉन


मेरिडेल
३ ऑक्टोबर १९७१

थेरॉन,

विचारू नकोस. दाखव.

अरे, याच्यापेक्षा चांगली संधी कोणती? आठवड्यातले तीन दिवस तू त्यांच्या सगळ्यांत तगड्या अकरा जणांसमोर क्वार्टरबॅक आहेस. कोच ब्रॅनमच्या डोळ्यांसमोर. कॉफील्डला अशी फळी शनिवारीसुद्धा भेटत नाही. त्यांना इतकं नाचव की कोचला रात्री झोपेत तू दिसला पाहिजेस. माणूस कितीही अडेलतट्टू असला तरी जिंकायची हाव त्याच्याहून मोठी असते. गोऱ्या कोचलासुद्धा हरायला आवडत नाही.

आणि नक्कल करायचीच तर हुबेहूब कर. फिल्म तीनदा बघ, चारदा बघ. पाय बघ. तो पास फेकणार असला की कुठला पाय मागे घेतो, स्वतः पळणार असला की कसा उभा राहतो, सगळं उचल. त्या वेंडललाही पाय वाचायला शिकव. कडेच्या गड्याने क्वार्टरबॅकचे पाय वाचले की त्याला आधीच कळतं, चेंडू डोक्यावरून येणार की कोणी हातात घेऊन पळणार. आपल्यातले दोघे आहात, एकमेकांना धरून राहा.

न्हाव्याच्या दुकानात तुझ्याबद्दल विचारतात. मी म्हणतो, "पोरगा तापतोय, घाई करू नका." म्हातारा हायरम म्हणाला, "होरेस, भात शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही." त्याला म्हटलं, तू आधी तुझे केस कापून घे, उरलेत तेवढे.

बरगडीला कापडी पट्टा गुंडाळ. आयडेलाला सांगितलं नाही.

मामा


हॉलंडेल
३१ ऑक्टोबर १९७१

मामा,

सात सामने, सात विजय. वर्तमानपत्रवाले वेडे झालेत. म्हणतात, हॉलंडेलच्या बचावाला समोरच्याची चाल आधीच कळते, जणू खिशात लिहून आणलीय. माझं नाव कुठेच नाही, आणि कशाला असेल?

तुम्ही सांगितलंत तसंच करतोय. मिसिसिपीवाल्यांचा क्वार्टरबॅक पास फेकायच्या आधी दात सांभाळणारी रबरी पट्टी घट्ट चावायचा, मीही चावली. वेंडलला पायांची युक्ती शिकवली. बाकीचे हसतात, हेल्मेटकडेच बघतात. वेंडल फक्त माझ्या बुटांकडे बघतो. त्याने या महिन्यात समोरच्यांचे चार पास हवेतच पकडले. खोलीत आल्यावर म्हणतो, "भावा, तुझे बूट म्हणजे माझं बायबल."

गुरुवारी कोचनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकला. "मंगळवार ते गुरुवार," ते म्हणाले, "या राज्यात या पोरापेक्षा चांगला क्वार्टरबॅक नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. संध्याकाळी जेवताना घास तोंडात घेतला आणि मग कळलं काय म्हणाले ते.

म्हणून दुसऱ्या दिवशी गेलोच त्यांच्याकडे. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी गेलो. म्हटलं, "सर, शनिवारी कधी?" त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. मग म्हणाले, "वीस नोव्हेंबर. इथला शेवटचा सामना, समोरचे लिंबूटिंबू आहेत. आपण पुढे असलो की शेवटच्या भागात तुला घालतो. शब्द."

शब्द म्हणाले, मामा. मी दोनदा विचारून घेतलं.

तुम्ही या. आईला आणा. चर्चची बस मिळाली तर सगळ्यांनाच आणा.

थेरॉन


मेरिडेल
२२ नोव्हेंबर १९७१

थेरॉन,

शनिवारी बसपाशी तू आलास तेव्हा बोललो नाही, कारण आयडेलासमोर मला बोलता आलं नसतं. आता लिहितो.

आम्ही काय बघितलं ते सांगतो. तिसऱ्या भागातच तुमचे एक्केचाळीस झाले, समोरच्यांचं खातंसुद्धा उघडलं नव्हतं. आपली सगळी बस उभी राहिली आणि "सतरा! सतरा!" ओरडायला लागली. तू हेल्मेट घालून पट्टा आवळून उभा होतास. मग दुसरा क्वार्टरबॅक गेला. मग तो तिसरा, झाडूवाला. मग ज्याचं काम फक्त लाथ मारणाऱ्यासाठी चेंडू उभा धरायचं आहे, त्या पोराला घातला. त्याने दोनदा चेंडू हातातून पाडला. लोक हसले, कारण जिंकलेल्या सामन्यात सगळंच गमतीचं असतं. आपली माणसं एकेक करून खाली बसली. ओला मावशींनी तळलेल्या कोंबडीचा डबा उघडला आणि कोणी हात लावला नाही. तू शेवटपर्यंत पट्टा सोडला नाहीस.

मी नंतर तुमच्या कोचला भेटलो. तुला सांगितलं नाही. टोपी हातात घेऊन दाराशी उभा राहिलो. ते चांगले बोलले, अगदी आपलेपणाने. म्हणाले, "होरेस, तुला म्हणून सांगतो. त्याला घालायचं मनात होतं. पण नव्या वर्षाच्या दिवशी आपल्याला सटर स्टेटशी खेळायचंय, आणि त्यांचा क्वार्टरबॅक म्हणजे सैतान आहे. आज तुझा पोरगा दुखावला असता तर सरावात सटरवाला कोण झाला असता? कॉफील्ड पडला तर माझ्याकडे दुसरा आहे. थेरॉनला बदली नाही. सगळ्या संघात ज्याला धोक्यात घालता येत नाही असा तोच एक."

मग त्यांनी विचारलं, "त्याला हे सगळं शिकवलं कोणी?" मी म्हटलं, मी. त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. आणि मी "थँक यू, सर" म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

मी तुला सांगितलं होतं, चांगला खेळ म्हणजे ते तुला वर घेतील. तू चांगला खेळलास म्हणूनच त्यांनी तुला खाली ठेवलं. माझं गणित सपशेल चुकलं.

बसपाशी आयडेलाने तुला माझं सांगितलं ना? सांगितलंच असेल, तुझं तोंड दिसलं मला. खरं आहे. शाळा एक झाल्यावर मुख्य कोच त्यांचा झाला. वय सव्वीस. मला "मदतनीस" म्हणतात. पोरांचे टॉवेल, हेल्मेट आणि बस माझ्याकडे. आपल्या शाळेची चषकांची कपाटं होती ना, ती रिकामी करून कचऱ्याच्या गाडीत भरली, मी चार उचलून आणले. शुक्रवारी तो पोरगा माझ्याच चाली खेळतो आणि मी कडेला टॉवेल घेऊन उभा असतो. तुला कळवलं नाही, कारण तुझं लक्ष उडालं असतं.

तू राहा. दोन वर्षं काढ, पदवी घे. नाक मुठीत धरून का होईना, राहा.

मामा


हॉलंडेल
३० नोव्हेंबर १९७१

मामा,

नाक तुमच्या मुठीत शोभतं. माझ्या नाही.

तुम्ही आम्हाला सांगायचात, समोरचा कितीही मोठा असो, हेल्मेट काढायचं नाही. आणि त्यांच्या दारात टोपी काढलीत. वर आभार मानलेत. कशाचे? तुमच्या पोराला त्यांनी इतका जपून ठेवला त्याचे?

आणि टॉवेल. उन्हाळाभर मी न्हाव्याच्या दुकानात छाती काढून सांगत होतो, माझा मामा हेड कोच आहे. हायरमला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. मी एकटाच गाढव. तुम्ही मला टोल्बर्टला जाऊ दिलं असतं तर आज मी कुठल्यातरी फाटक्या मैदानावर क्वार्टरबॅक असतो आणि तुम्ही बघायला आला असतात. तुम्हाला मात्र त्यांच्याच मैदानावर बघायचं होतं.

सटरवाल्याची फिल्म आलीय. ती मलाच दिलीय, एकट्याला. बाकीच्यांना कंटाळा येतो, ते म्हणतात थेरॉन बघेल आणि दाखवेल.

पत्र लिहू नका. परीक्षा आहेत.

थेरॉन


मेरिडेल
२ जानेवारी १९७२

थेरॉन,

लिहू नका म्हणालास म्हणून महिनाभर लिहिलं नाही. नाताळाला तू आला नाहीस, संघाबरोबर सरावाला गेलास, तरी लिहिलं नाही. आता लिहितो.

काल सामना टीव्हीवर बघितला. हायरमच्या घरी सगळे जमले होते. सत्तावीस-दहा. अख्खा हंगाम न हरलेला तुमचा बचाव आंधळ्यासारखा धडपडत होता. सगळे म्हणत होते, आज हॉलंडेलला झालंय काय? मी मात्र दुसऱ्या भागापासून चेंडू सोडून पायच बघत होतो.

सटरचा तो क्वार्टरबॅक पास फेकायच्या आधी डावा पाय अर्धं पाऊल मागे घेतो. टीव्हीवरसुद्धा दिसत होतं. स्वतः पळणार असला की दोन्ही पाय सपाट ठेवतो. इतका स्वच्छ पोरगा मी कधी पाहिला नाही, पुस्तकासारखा उघडा. आणि प्रत्येक वेळी त्याने डावा पाय मागे घेतला की तुझा वेंडल पुढे धावत आला, पळणाऱ्याला अडवायला. प्रत्येक वेळी चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. तीनदा. तीन टचडाउन. तो पाय बघत होता, थेरॉन. त्याचं हेल्मेट खाली होतं, मी बघितलं. तो पाय वाचत होता आणि उलटे वाचत होता.

पाय वाचायला त्याला कोणी शिकवलं ते मला माहीत आहे. आणि आठवडाभर त्याच्यासमोर सटरवाला कोण होता तेही.

टीव्हीवरचा माणूस म्हणाला, या पोराला दबाव झेपला नाही, असल्या सामन्याला लागणारं डोकं सगळ्यांनाच नसतं. असल्या वाक्याचा अर्थ मी तुला सांगायला नको. आयडेला डोळे पुसत म्हणाली, कोणाचं लेकरू गं ते.

तुला राग होता. माझ्यावर होता, कोचवर होता. दोन्ही रास्त. पण मैदानात बाकीचे दहा जण हेल्मेट बघतात. तुझ्या पायांवर विश्वास ठेवणारा एकच होता, तोच तुला सापडला? चोर सोडून संन्याशाला फाशी.

कोचकडे जा आणि सांग. तुझी शिष्यवृत्ती गेली तर जाऊ दे, घरी ये, मी आहे. मग वेंडलला सांग. आधी कोचला, कारण त्याची जागा त्यांच्या हातात आहे.

मामा


हॉलंडेल
१२ जानेवारी १९७२

मामा,

खरं आहे. फिल्ममध्ये पहिल्याच दिवशी डावा पाय दिसला. सोमवारी जर्सी घातली आणि ठरवलं, उलटं करायचं. पास फेकताना पाय सपाट, पळताना डावा मागे. बाकीच्या चालीही थोड्या थोड्या बिघडवल्या, इकडचं वळण तिकडे. कोणाला कळलं नाही. कोच म्हणाले, "वा, अगदी तोच!" मला वाटलं, एकदा तरी या संघाला कळू दे मी कोण होतो ते. हंगामातला एक सामना माझ्या हाताने ठरू दे, मग तो कुठल्या बाजूने का ठरेना. शपथ घेऊन सांगतो, वेंडलचा विचार मनात आलाच नाही. तो माझ्यासमोर उभा राहून माझ्या बुटांकडे बघत होता आणि तो मला दिसला नाही. तीन टचडाउन झाले तेव्हा मी कडेला उभा होतो. पहिल्याला मला बरं वाटलं. तेही लिहितो, कारण आता काही लपवायचं राहिलं नाही.

आठवड्याभराने कोचनी वेंडलला बोलावून सांगितलं, शिष्यवृत्ती काढून घेतली. तुमचं पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं. मी सरळ कोचकडे गेलो. टेबलासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पाय, वळणं, सगळं. म्हटलं, "चूक वेंडलची नाही. हा सामना मी हरवला."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मारतात आता. मला ते चाललं असतं. पण ते हसले, मामा. वाईट हसले नाहीत, लहान पोराला हसतात तसे.

"थेरॉन," म्हणाले, "मित्राला वाचवायला आलास, चांगलं केलंस. माणूस म्हणून आवडलं मला. पण तू? तू हॉलंडेलला हरवलंस?"

"हो, सर."

"अरे पोरा, तू मैदानात पाऊल तरी ठेवलंस का?"

मी म्हटलं, फिल्म लावा, माझ्या सरावाशी ताडून बघा. ते म्हणाले, सरावाची फिल्म कोण काढतं? मी म्हटलं, तुम्हीच म्हणाला होतात मला बदली नाही. ते म्हणाले, "ते तुझ्या मामाला बरं वाटावं म्हणून." मग मला दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, कडेची जागा रिकामी झालीय, पाय चपळ आहेत तुझे, वसंतातल्या सरावाआधी विचार कर.

वेंडलची जागा. मलाच.

खोलीवर आलो तर वेंडल बॅग भरत होता. मी ठरवून आलो होतो, सांगायचंच. तो मोजे गुंडाळत होता, माझ्याकडे न बघता बोलायला लागला. म्हणाला, "भावा, मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. तू आठवडाभर बरगड्या मोडून मला सगळं नीट दाखवलंस. आणि ऐनवेळी मीच घाबरलो, उलटं वाचलं. तुझी मेहनत मी मातीत घातली. मला माफ कर."

मामा, मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मग तो पुढे म्हणाला, "घरी बाबा विचारतील, दोघांपैकी एक तरी टिकला का. मी म्हणेन, एक टिकला."

मी त्याची बॅग उचलली आणि बस थांब्यापर्यंत नेली. वाटेत तो कोळंबीच्या बोटीबद्दल बोलत होता, आता बापाबरोबर जाईन म्हणाला, तिथे निदान पोट भरतं. मी हूं हूं करत राहिलो. बस आली. त्याने मला मिठी मारली. मी परत आलो आणि हे पत्र लिहायला बसलो.

तुम्ही सांगितलंत आधी कोचला, मग वेंडलला. पहिल्याने विश्वास ठेवला नाही. दुसऱ्याने ठेवला असता, म्हणून त्याला सांगितलं नाही.

थेरॉन